आठव्या मिनिटाच्या टाळ्या

निरोगी स्नायू विश्रांतीत असताना काही बोलत नाही. त्यात बारीक सुई घालून यंत्राचा आवाज कितीही वाढवला, तरी खोलीत शांतताच राहते. एवेलियोच्या उजव्या पोटरीत मी सुई घातली, तेव्हा कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज सुरू झाला. मग डाव्या पोटरीत घातली. मग दंडात. मग हनुवटीखालून जिभेच्या स्नायूत. लाह्या सगळीकडे फुटत होत्या.

"रेडिओ बिघडलाय तुझा, फिना," तो छताकडे पाहत म्हणाला. "स्टेशनच लागत नाहीये."

"जीभ आत घे आणि गप्प पड."

"जिभेत सुई घालून गप्प पड म्हणणारी तूच पहिली."

स्टेशन लागले होते. या रुग्णालयात माझे आयुष्य हाच आवाज ऐकण्यात गेले आहे. चेतापेशी मरू लागल्या की त्यांच्या ताब्यातले स्नायुतंतू असे स्वतःशीच फुटत राहतात. त्यानंतर ते वाळतात. हे थांबवता येत नाही. याला अपवाद सापडल्याचे दावे अधूनमधून होतात. मी ते वाचते, आणि प्रत्येक वेळी निदानच चुकलेले असते.

एवेलियो साम्पेद्रो हे नाव बायेस्कुरा खोऱ्यात कुणाला सांगावे लागत नाही, म्हणून इथे सांगते. आमच्याकडे डोंगरातून कोळसा निघत असे आणि नदीकाठी तो धुतला जात असे. जिथे धुतला जाई, त्या सपाटीवर फुटबॉलचे मैदान झाले. त्याला अजूनही लावादेरो, म्हणजे धुण्याची जागा, असेच म्हणतात. एवेलियोचा बाप तिथे कोळसा धूत असे आणि एवेलियो तिथेच सोळा हंगाम मधल्या फळीत, आठ नंबरच्या सदऱ्यात, खेळला. त्यांतले दोन हंगाम आमचा संघ देशाच्या पहिल्या श्रेणीत होता. मोठ्या शहरांतल्या क्लबांनी त्याला बोलावले; एकदा तो दक्षिणेत गेलाही, आणि वर्षभराने परत आला. "तिकडे ऊन फार," एवढेच कारण त्याने दिले. राष्ट्रीय संघाकडून पाच सामने, त्यांतले दोन उत्तरार्धात बदली म्हणून. गोल इतके थोडे की त्याबद्दल त्याला कुणी विचारत नसे.

लोक बोलत ते त्याच्या पासबद्दल. तो डावीकडे पाही आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू उजवीकडे मारी. चेंडू आधी मैदानाबाहेर निघाल्यासारखा वाटे आणि मग विचार बदलल्यासारखा आत वळे. त्या काळची चित्रणे मी एकदा मुद्दाम पाहिली. फुकट गेलेले पास इतरांपेक्षा कमी नव्हते. पण आठवण नमुने निवडताना लबाडी करते, आणि अख्ख्या खोऱ्याची आठवण एकाच दिशेने लबाडी करत होती. यात विशेष काही नाही. विशेष हे, की खेळणे सोडून वीस वर्षे उलटल्यावरही त्याची लोकप्रियता ओसरत नव्हती, उलट वाढत होती. खाणी बंद झाल्या, संघ घसरत चौथ्या श्रेणीत आला, ज्यांना जाता येत होते ते किनाऱ्यावरच्या शहरांत गेले. एवेलियो राहिला. लावादेरोच्या मागच्याच गल्लीत, त्याच घरात. लोक त्याला उस्ताद म्हणत. लाउदेलिनोच्या मद्यगृहात त्याचे बूट काचेच्या पेटीत ठेवलेले होते आणि त्यांच्यावरची धूळ पुसण्याचा मान रोज वेगळ्या माणसाला मिळे.

त्याने सदरा घातला आणि टेबलाच्या कडेवर बसून विचारले, "नाव काय ह्याचं?"

मी नाव सांगितले. शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू. त्याच्याशी आडवळणाने बोलणे मला जमले नसते.

"साधारण किती?"

"सरासरी तीन वर्षं. पण सरासरी म्हणजे—"

"सरासरी राहू दे. मी कधी सरासरी खेळलो का? पायांचं सांग."

"उजव्या पावलाची ताकद आत्ताच कमी झालीय. डिसेंबरात चालत असशील. डिसेंबरात लाथही मारशील. पुढचं मी सही करून देणार नाही."

त्याने उजवे पाऊल वर-खाली हलवून पाहिले.

"मला एकदा मानाची लाथ मारायचीय, फिना. वीस वर्षं 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' चाललंय त्यांचं. मैदानाच्या मधोमध चालत जायचं, कुणाचा हात न धरता. आणि एक पास द्यायचा, बाहेरच्या कडेने. बस."

सामन्याआधी सन्मानाचा पाहुणा मधल्या वर्तुळापर्यंत चालत जातो, चेंडूला पहिली लाथ मारतो, टाळ्या होतात, चेंडू परत आणतात आणि मग खरा खेळ सुरू होतो. त्या लाथेचा सामन्याशी काहीही संबंध नसतो. त्या दिवशी मात्र मी तसे म्हटले नाही.

"आणि कोवाला कळता कामा नये," दारातून तो म्हणाला. "ती हसत असेल तोवर हसू दे."

कोवादोंगा, त्याची बायको, त्याच आठवड्यात माझ्याकडे आली. ती बसली नाही.

"मी तुला काही विचारायला आलेली नाही," ती म्हणाली. "विचारलं तर तू सांगणार नाहीस, माहितीय मला. झोपला की त्याच्या पोटऱ्या हलतात. कातडीखाली अळ्या चालाव्यात तशा. माझ्या मामाचं असंच झालं होतं, शेवटी त्याला गिळताही येईना. एवढंच सांगायला आले, की एवेलियोला कळू देऊ नकोस. तो असा माणूस आहे, की कळलं तर त्याच दिवशी खुर्चीत बसेल."

रुग्णाने मनाई केली तर नातेवाइकांना सांगायचे नाही, असे आमचा कायदा म्हणतो. नातेवाइकांनी मनाई केली तर रुग्णाला सांगायचे नाही, असे आमची रीत म्हणते. रीत कायद्यापेक्षा जुनी आहे आणि पुष्कळ अधिक पाळली जाते. या खोऱ्यात किती तरी माणसे 'पोटाचा अल्सर' होऊन वारली, आणि त्यांच्या भोवती बसलेल्या प्रत्येकाला गाठीचा आकारसुद्धा ठाऊक असे. मी कोवाला म्हटले, की मी कुणाबद्दल कुणाशीही बोलत नाही. ती या उत्तरावर समाधान मानून गेली. खोटे मी काही बोलले नव्हते.

एवेलियोच्या चाहत्यांचे मंडळ गुरुवारी दुपारी लाउदेलिनोकडे जेवायला बसते. लाउदेलिनो त्या मंडळाचा अध्यक्ष, आचारी, गल्लेवाला आणि गायक. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी त्याने वजडीचा रस्सा केला होता आणि कोवाने आग्रहाने मलाही बोलावले होते. सफरचंदाच्या दारूची बाटली डोक्याच्या वर धरायची, पेला मांडीपाशी तिरका करायचा आणि मधल्या हवेतून धार सोडायची, अशी आमच्याकडे वाढण्याची पद्धत. एवेलियो हे उत्तम करत असे. त्या दिवशी त्याने बाटली उचलली, खांद्यापर्यंत नेली आणि पुन्हा टेबलावर ठेवली.

"आज तू वाढ, लिनो. तुझी धार बघून लोकांना माझी किंमत कळू दे."

सगळे हसले. कोवाही हसली. मग त्याने सहज बोलावे तसे विचारले, "लिनो, माझ्या मानाच्या लाथेचं काय झालं रे?"

"मे महिन्यात! क्लबला शंभर वर्षं, हंगामाचा शेवटचा सामना, सगळं खोरं हजर. तुझ्या तोंडाचं एवढं मोठं कापड रंगवतायत, अख्खा गोलमागचा सज्जा झाकेल."

"नाताळाच्या आधी वरच्या गावाशी सामना आहे. तेव्हा उरकून टाकू की."

"डिसेंबरात? त्या पावसात? कुणासमोर, छत्र्यांसमोर?" लाउदेलिनोने पळी हवेत फिरवली. "उस्ताद, तू काय लग्न उरकायला निघालायस का गुपचूप? कापडावर अजून तुझं नाकसुद्धा झालेलं नाही."

"नाक नसलेलंच बरं दिसेल."

"आणि घाई कसली? म्हातारा झालायस की काय?"

हा प्रश्न टेबलावर पडला आणि कुणीच तो उचलला नाही. आज मला कळते, की त्या टेबलाभोवतीच्या बहुतेकांना घाई कशाची ते ठाऊक होते. खोऱ्यात एखाद्याचा पाय घसटू लागला तर ते पायवाल्याच्या आधी शेजाऱ्याला कळते. पण डिसेंबर मान्य करणे म्हणजे ठाऊक असल्याचे मान्य करणे. ते एवेलियोच्या तोंडावर कोण करणार?

"मेच बरा," कोवा ठामपणे म्हणाली. "उन्हात होऊ दे. माझी बहीण येईल तेव्हा. नव्या झग्याचं माप दिलंय मी."

एवेलियोने तिच्याकडे पाहिले. त्याने आणखी एक शब्द रेटला असता तर तिने 'का' विचारले असते, आणि 'का'चे उत्तर त्याला तिला द्यायचे नव्हते. तिलाही 'का' विचारायचे नव्हते. त्याने मग माझ्याकडे पाहिले.

"थंडीत जमीन कडक असते," मी म्हणाले. "चेंडू चांगला निघतो. माझं मत डिसेंबरला."

"घ्या! डॉक्टरीणबाई आता मैदानाचं निदान करायला लागल्या!" लाउदेलिनो ओरडला. "बाई, ती सुई ठेवा बाजूला आणि वजडी खा."

मला त्याहून अधिक बोलता येत नव्हते. एवेलियोचा हात टेबलाखाली होता. तो उजव्या मांडीवर घट्ट दाबून धरलेला मला दिसत होता.

"मे तर मे," तो म्हणाला. आणि विषय बदलायला त्याने तीनोची गोष्ट काढली.

तीनो आमचा जुना गोलरक्षक. मोटार दरीत कोसळून तो वारला होता. आमच्याकडे खेळाडू गेला, की पुढच्या सामन्यात त्याच्या सदऱ्याच्या नंबराच्या मिनिटाला सगळे मैदान उभे राहून मिनिटभर टाळ्या वाजवते. हे फक्त मेलेल्यांसाठी.

"बिचारा तीनो," एवेलियो म्हणाला. "एक नंबर! लोक अजून तिकीट दाखवतायत, खुर्ची पुसतायत, तोवर त्याचं मिनिट संपलंसुद्धा. माणसाने मरायचं तर दहाच्या पुढचा नंबर घेऊन मरावं."

"तुझा आठ बरा आहे," कुणीतरी म्हणाले, आणि लगेच त्याला खोकला आला.

कोवा मला बाहेर सोडायला आली. नदीवर धुके होते. "मे समोर असला की तो तोवर टिकेल," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माणसाला पुढची तारीख लागते, फिना."

चेतापेशींना तारखा कळत नाहीत. हे मी तिला सांगू शकले नाही, कारण ते सांगणे म्हणजे तिला रुग्णाबद्दल सांगणे झाले असते.

डिसेंबरातला तो सामना झाला. पाऊस होता आणि छत्र्या होत्या. एवेलियो घरापासून मैदानापर्यंत चालत गेला, आपल्या जागेवर पायऱ्या चढून गेला आणि चालत परत आला. वाटेत त्याने रस्त्यावरचा एक रिकामा डबा उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने मारला. डबा गटाराकडे निघाला आणि वळून पुन्हा रस्त्यावर आला. त्याने मागे वळून मला विचारले, "पाहिलंस?" मी पाहिले होते. आमच्या मागून येणाऱ्यांनीही पाहिले होते; ते टाळ्या वाजवून हसले आणि पुढे गेले.

जानेवारीत तो मासळीच्या दुकानापुढे पडला. "घोटा," तो म्हणाला. "जुना घोटा," दुकानदारीण म्हणाली. "तो दक्षिणेतल्या सामन्यातला घोटा," रांगेतले लोक म्हणाले. कुणी सामन्याची तारीखही सांगितली. लाउदेलिनोने जाड काचेचे पेले काढून हलके प्लास्टिकचे आणले आणि गिऱ्हाइकांना सांगितले, की फुटतात फार. चर्चच्या पायऱ्यांना कठडा बसला. म्हाताऱ्या बायकांसाठी, असे जाहीर झाले. मी बरीच दांभिकता पाहिलेली आहे, पण इतकी सुसंघटित आणि इतक्या प्रेमाने केलेली दुसरी पाहिलेली नाही. या सगळ्या प्रेमाच्या मधोमध दोन माणसे एकाच पलंगावर, एकमेकांना झोप लागण्याची वाट पाहत पडून राहत असत. तो, आपले रडणे तिला ऐकू जाऊ नये म्हणून; ती, त्याच्या पोटऱ्या पाहता याव्यात म्हणून. हे मला दोघांनी वेगवेगळे सांगितले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आमचा सामना नदीच्या मुखाशी असलेल्या बंदराच्या गावात होता. बंदरवाल्यांशी आमचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. ते आम्हाला काजळतोंडे म्हणतात. आम्ही त्यांना जे म्हणतो ते इथे लिहिता येत नाही. तिथे जाणारे थोडेच होते. बाकीचे लाउदेलिनोकडे रेडिओभोवती जमले होते. एवेलियो काठी घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता आणि कोवा त्याच्या शेजारी ऑलिव्हच्या बिया बशीच्या कडेला लावत होती.

खेळ सुरू झाला. निवेदक काहीतरी फ्रीकिकबद्दल बोलत होता. मग एकाएकी त्याचा आवाज ऐकू येईना. मागून पावसाची सर यावी तसा आवाज चढत गेला.

"श्रोतेहो," निवेदक ओरडून सांगू लागला, "आठवं मिनिट! आठवं मिनिट, आणि बंदरचं सगळं मैदान उभं आहे! पिढीजात वैर विसरून, दुर्धर आजाराशी झुंजणाऱ्या एवेलियो साम्पेद्रोसाठी या टाळ्या—"

लाउदेलिनो ओट्यावरून अक्षरशः झेपावला. त्याने बटण फिरवले ते उलट दिशेने, आणि टाळ्यांनी सगळे मद्यगृह भरून गेले. मग त्याने तार उपटली.

बंदरवाल्यांना कुणी सांगितले ते कळले नाही. खोऱ्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट नदीबरोबर वाहत खाली गेली असावी. त्यांच्या मनात चांगलेच होते. फक्त एवढेच, की हे मिनिट मेलेल्यांचे असते, याचा त्यांना भरात विसर पडला; किंवा पडला नाही.

एवेलियोच बोलला.

"मी गेलो की काय रे, लिनो? निदान मला तरी कळवायचं."

कोवाने बशी खाली ठेवली.

"तुला कधीपासून माहिती?" तिने विचारले.

"ऑक्टोबर." मग तिच्याकडे वळून, "तुला?"

"ऑक्टोबर."

"म्हणजे मी तो घोटा, घोटा करत होतो..."

"आणि मी लेप लावत होते त्या घोट्याला," ती म्हणाली. "दर संध्याकाळी. मूर्खासारखी."

त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. बोटे नीट मिटली नाहीत, तेव्हा तिनेच ती मिटली. आम्ही सगळे जमिनीकडे पाहत होतो. लाउदेलिनो ओट्याआड वाकून उगाचच बाटल्या सरळ करत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

"चला तर," एवेलियो एकदम म्हणाला. "आता लपवायचं काही राहिलं नाही ना? मग मे गेला खड्ड्यात. येत्या रविवारी. लिनो, चेंडू आण."

"येत्या रविवारी!" लाउदेलिनो उठला. त्याचा चेहरा एवढा उजळला की मला तो पाहवेना. "नाक नसलं तरी चालेल कापडाला! फोन करतो मी सगळ्यांना!"

"आधी चेंडू."

फळीवर, आमचा संघ पहिल्या श्रेणीत गेला तेव्हाचा, सह्या केलेला चेंडू होता. लाउदेलिनोने तो काढला, सायकलच्या पंपाने हवा भरली. मद्यगृहामागच्या अंगणात रिकाम्या बाटल्यांचे खोके रचलेले असतात. ते त्याने लाथांनीच बाजूला सारले. लोक दारात आणि खिडक्यांत उभे राहिले. एवेलियोने काठी कोवाकडे दिली.

कुणाचा हात न धरता तो चेंडूपर्यंत गेला. डावीकडे पाहिले. सवयीने सगळ्यांनी उजवीकडे पाहिले.

उजवे पाऊल उचलले गेले, पण घोट्यापासून पुढे ते लोंबत राहिले. बाहेरची कड वळलीच नाही. बुटाचे टोक आधी फरशीला घासले, मग चेंडूला टेकले. चेंडू हातभर सरकला आणि थांबला. एवेलियो पडला नाही. कोवाने त्याला मागून कमरेत धरले होते.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तेच झाले. तिसऱ्या वेळी चेंडू सरकलाही नाही.

"जागचा हलला तरी पुरे, उस्ताद," लाउदेलिनो म्हणाला. "लोकांना काय, तुझा पाय लागला की बास!"

"टेकवण्याला पास म्हणत नाहीत, लिनो."

मग तो माझ्याकडे वळला. त्याचे बोलणे तेव्हाच थोडे ओढल्यासारखे येऊ लागले होते, पण हा प्रश्न त्याने अगदी स्पष्ट विचारला.

"डिसेंबरात जमलं असतं?"

अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. नाही म्हणावे, असे त्यांतल्या प्रत्येकाला वाटत होते. एखाद्या दयाळू बाईने नाही म्हटले असते. पण त्याने डबा मारला होता आणि मी पाहिला होता. तो वळून रस्त्यावर आला होता. आपण पाहिलेली वस्तुस्थिती नाकारण्याचे शिक्षण मला मिळालेले नाही, आणि मुळात त्याने मला विचारले ते मी खोटे बोलणार नाही म्हणूनच.

"हो," मी म्हणाले. "जमलं असतं."

त्याने मान हलवली. कोवाने डोळे मिटले. लाउदेलिनोने चेंडू उचलला आणि पोटाशी धरून उभा राहिला, तो कुठे ठेवायचा हे त्याला सुचत नव्हते.

मे ठरल्याप्रमाणे झाला. तोवर त्याचे पाय गेले होते, उजवा हात गेला होता, आणि त्याचे बोलणे फक्त कोवाला समजत असे. "नको असेल तर आपण जायचं नाही," ती त्याला म्हणाली होती. त्याचे उत्तर तिने मला सांगितले: त्यांनी कापड रंगवलंय.

ऊन लख्ख होते. लावादेरो पहिल्या श्रेणीतल्या दिवसांनंतर प्रथमच भरला होता. किनाऱ्यावर गेलेले सगळे परत आले होते. गोलमागचा सज्जा त्याच्या तरुण चेहऱ्याने झाकला होता, नाक फारच चांगले जमले होते. कोवाने नवा झगा घातला होता. लाउदेलिनोने चाकांची खुर्ची मधल्या वर्तुळापर्यंत ढकलत नेली, चेंडू एवेलियोच्या बुटासमोर ठेवला, गुडघ्यावर बसला, त्याची पोटरी दोन्ही हातांनी उचलली आणि बूट चेंडूवर आपटला. चेंडू सरळ गेला. "पास!" ध्वनिक्षेपकावरून आरोळी आली, आणि मैदान दुमदुमले. एवेलियो त्या वेळी चेंडूकडे पाहत नव्हता. तो लाउदेलिनोच्या डोक्यावरच्या टकलाकडे पाहत होता.

मग खुर्ची सज्जात, पहिल्या काही रांगांच्या मागच्या सपाटीवर आणली. माझी जागा त्याच्या डाव्या हाताला होती. खेळ सुरू झाला तेव्हा, त्या दिवसात पहिल्यांदाच, त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी जिवंत दिसले. आमच्या संघाचा नवा आठ नंबर बरा होता. चेंडू पायाशी असला की तो मान वर ठेवी. एवेलियोचे डोळे त्याच्या मागे फिरत होते. त्याच्या घशातून मधूनच एक हुंकार येई. कोवाने वाकून ऐकले आणि हसून मला म्हणाली, "म्हणतोय, हा पोरगा पाहतो."

आठवे मिनिट आले.

बंदरवाल्यांच्या त्या टाळ्यांनंतर प्रत्येक मैदानावर हे होऊ लागले होते. आपल्याच मैदानावर कमी पडणे शक्य नव्हते. सगळे उभे राहिले. आणि मेलेल्यांसाठी टाळ्या वाजवताना लोक मैदानाकडे पाहतात, पण हा तर जिवंत आणि समोर बसलेला. म्हणून सगळे त्याच्याकडे वळले. आमच्या पुढच्या रांगा पाठमोऱ्या होत्या, त्या तोंडे फिरवून उभ्या राहिल्या. क्षणापूर्वी जिथे हिरवे मैदान होते तिथे रडणाऱ्या, हसणाऱ्या, ओळखीच्या चेहऱ्यांची भिंत उभी राहिली.

एवेलियोने डावा हात मांडीवरून उचलला. त्याला अजून तेवढे येत होते. तळवा जमिनीकडे करून त्याने तो खाली दाबला, पुन्हा वर घेऊन पुन्हा दाबला. बसा.

"बघा, बघा!" लाउदेलिनो ओरडला. "तीच खूण!"

खेळत असताना संघ घाई करू लागला, की एवेलियो अशीच खूण करत असे: शांत राहा, चेंडू ठेवा. खोऱ्यातल्या प्रत्येकाला ती पाठ होती. ती ओळखताच सगळ्या सज्जांतून एक गर्जना उठली, टाळ्या दुप्पट झाल्या, हजारो हात तळवे खाली करून त्याला तीच खूण परत करू लागले. त्याने पुन्हा हात दाबला. त्यांनीही दाबला. कुणी बसले नाही.

"बसा ना!" कोवा किंचाळली. "बसा खाली! त्याला दिसत नाहीये!"

त्या आवाजात ते मलाच जेमतेम ऐकू आले. एका बाईने पुढे होऊन तिचा गालगुच्चा घेतला आणि तिच्या कपाळाचे चुंबन घेतले.

भिंतीपलीकडे, मैदानावर, कुणीतरी चेंडू मारल्याचा आवाज झाला. बाहेरच्या कडेने मारलेला आवाज वेगळा असतो, असे एवेलियो नेहमी सांगे. मला त्यातला फरक कधी कळला नाही. त्याची मान त्या आवाजाकडे थोडी वळली. त्यानंतर पलीकडून, थोड्या लोकांचा, एक 'अरेरे' ऐकू आला. बहुधा राखीव खेळाडूंच्या बाकावरून.

मिनिट संपले. लोक डोळे पुसत एकेक करून वळले आणि बसले. मैदान पुन्हा दिसू लागले. चेंडू बाहेर गेलेला होता, आणि आमचा आठ नंबर दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता.

एवेलियोचे ओठ हलले. कोवाने कान त्याच्या तोंडाशी नेला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग तिने आमच्याकडे पाहिले.

"विचारतोय, काय झालं?"

लाउदेलिनोने शेजाऱ्याकडे पाहिले, शेजाऱ्याने मागच्याकडे. प्रश्न रांगेरांगेतून वर गेला आणि तसाच परत आला. लावादेरोच्या अख्ख्या सज्जांत त्या मिनिटाला मैदानाकडे पाहणारा एकही माणूस नव्हता.

त्याचे डोळे माझ्यावर येऊन थांबले होते. मी फलकाकडे पाहिले. खात्रीने सांगता येईल अशी एकच गोष्ट तिथे होती.

"शून्य-शून्य," मी म्हणाले.

ते त्याने विचारले नव्हते.